पेटीमास्तरांचा विडा

मी संशयी माणूस. अजूनही कुणी पाणी दिलं तर आधी वास घेतो. साठ सालाच्या सुमारास तर विचारूच नका. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि गावच्या भजनाचा बुवा मी. वरच्या सुरात गेलो की आवाज चिरकायचा. त्या वर्षी सप्ताहात सव गावच्या मंडळाशी बारी, म्हणजे भजनाचा सामना, ठरली. गावानं बजावलं, यंदा हरलास तर बुवा दुसरा.

म्हणून दासगावचे पेटीमास्तर बोलावले. आल्या आल्या त्यांनी माझ्या हनुवटीखाली अंगठा दाबला. "बुवा, हे मांस हाय का लाकूड? गळ्याचा दोष नाय. तू जीभ मागं ओढून धरतोस. टोक खालच्या दातांना टेकव नि पडू दे तिला." मग जीभ बाहेर काढून, ओल्या फडक्यात धरून 'आ' लावायला सांगितलं. मी गोठ्यात जाऊन कुत्र्यागत जीभ काढून गायचो. बायको तोंडात पदर कोंबून हसायची. पंधरा दिवसांत आवाज सरळ वर चढायला लागला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

पण मास्तरांचा भाचा सवच्या मंडळात मृदंग वाजवतो, हे कळलं आणि माझी झोप उडाली. परक्यासाठी कोण एवढं झिजतं? गाणाऱ्याचा आवाज घालवायचा तर विड्यातून शेंदूर देतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

बारीच्या दिवशी मास्तरांनी देवळासमोर, सगळ्यांदेखत मला विडा दिला. "चघळ. तोंड ओलं राहील." मी तोंडापाशी नेला आणि देवळामागं जाऊन करवंदीच्या जाळीत फेकला. गायला बसलो, तर मास्तर पेटीवर, नजर माझ्यावर. यानं आणखी काय करून ठेवलंय, एवढंच डोक्यात. जीभ आत ओढली गेली. दुसऱ्याच अभंगाला आवाज फाटला. बारी गेली.

"बुवाचा दोष नाय," म्हातारे ओरडले, "इड्यातून घातलंन त्यानं!" कुणीतरी मास्तरांची पेटी अंगणात भिरकावली. ते माझ्याकडे वळले. "बुवा, तू तरी सांग रे यांना."

विडा मी खाल्लाच नव्हता. एवढं बोललो असतो तर दोष माझ्यावर आला असता, बुवापण गेलं असतं. मी गळा धरला आणि खोकायला लागलो.

त्यांनीच मोकळ्या केलेल्या आवाजावर मी पुढं वीस वर्षं बुवा राहिलो. मास्तरांना त्या खोऱ्यात परत कुणी बोलावलं नाही.