निळ्या काठाची ताटली

शेंद्र्याच्या कारखान्यानं नवं यंत्र शिकायला मला तीन आठवडे तुर्कस्तानात धाडलं. लोकांना वाटलं, इस्तंबूल. माझ्या वाट्याला आलं आतलं एक सुस्त गाव: उघडे डोंगर, एक चौक आणि तिथं चहा पीत बसलेले म्हातारे. आपलं कन्नड गावच म्हणा, फक्त जीपवाल्यांची आरडाओरड वजा. दुकान, मैदान, साबण, दुनिया हे शब्द तिथंही चालतात हे कळल्यावर तर मी घरच्यासारखी वावरू लागले.

मी वरच्या खोलीत, खाली घरमालकाची म्हातारी आई. पहिल्याच संध्याकाळी तिनं द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आणून दिला, निळ्या काठाच्या ताटलीत. मी तो दोन मिनिटांत फस्त केला, ताटली धुतली आणि अडले. आमच्याकडं शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, घालतात. पण चिमूटभर साखर मला कमीपणाची वाटली. रविवारी साजूक तुपातला शिरा करून देऊ, असं ठरवून ताटली फळीवर ठेवली. शिरा मला येत नाही, हा तपशील सोयीनं विसरले. तीन रविवार गेले.

निघायच्या सकाळी खाली कुलूप. म्हातारी बाजारात गेलेली. रिकामी ताटली उंबऱ्यावर ठेवायला हात धजेना, म्हणून ती बॅगेत घातली. घरून भरून पाठवू, म्हटलं.

घरी पोचल्यावर ताटली बघून आईनं कपाळावर हात मारला. "आगं, रिकामी का व्हईना, द्यायची व्हती की! ह्याला चोरी म्हणत्यात." मी हसले. ताटली चार वर्षं आमच्या कपाटात राहिली.

यंदा एक सहकारी त्याच गावाला निघाला. आईनं शेंगदाण्याचे लाडू वळले, ताटलीभर रचले आणि खोक्यात बांधून दिले. एकदाचं गंगेत घोडं न्हालं, असं मला वाटलं.

परत आल्यावर त्यानं कॅन्टीनमध्ये गंमत म्हणून सांगितलं. ताटली बघून म्हातारीनं मुलाला हाका मारल्या. मग तिच्या मुलानं त्याला सगळा उलगडा केला. मी गेल्यावर ताटली सापडेना, तेव्हा म्हातारीनं वरची खोली झाडणाऱ्या बाईवर आळ घेतला होता. पाहुणी असं करणार नाही, याची तिला खात्रीच होती. बाईचं काम सुटलं. गाव ते केवढं. इतर घरांनीही तिला बोलावणं बंद केलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, म्हातारी लाडवांसकट ताटली घेऊन तिच्याकडं गेली. बाईनं दारच उघडलं नाही. ताटली भरलेलीच परत आली."

मी डबा झाकला. घरी आईनं विचारलं, "काय म्हनली म्हातारी?"

"लाडू आवडले," मी म्हटलं. खरं सांगायची लाज वाटली.

त्या बाईचं नावही मला ठाऊक नाही. तीन आठवडे ती रोज सकाळी यायची, माझी चादर झटकायची, फळीवरची ती ताटली उचलून खालची धूळ पुसायची आणि ताटली पुन्हा जागेवर ठेवायची.