विमानवाल्यांची सुकेळी

सासऱ्यांना सांभाळायला म्हणून मी तुंगारेश्वरच्या डोंगरावर गेलो होतो. निदान बायकोला तरी मी तसंच सांगितलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईत खुर्ची उबवणारा, वसईत फ्लॅट घेतलेला जावई. मामा, म्हणजे सासरे, वसईजवळच्या वटार गावचे केळीवाले, सत्तरी ओलांडलेले. महायुद्धाच्या काळात तरणे मामा डोंगराखालच्या गावी बहिणीला सुकेळीची, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांची, पुडी द्यायला गेले होते. त्याच दिवशी धुक्यात एक लष्करी विमान डोंगरावर आदळलं. धूर बघून मामा पुडीसकट वर धावले. दोघे गोरे सैनिक गेले होते, तिसरा जिवंत होता. गावकऱ्यांनी त्याला घोंगडीत घालून खाली आणलं आणि वाटेत मामांनी त्याला सुकेळी भरवली. पण वरच्या दोघांना काहीच देता आलं नाही, हे मामांना लागून राहिलं. तेव्हापासून दरवर्षी नवी सुकेळी झाली की पहिली पुडी त्यांची, वर डोंगरावर नेऊन ठेवायची.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर नको म्हणाले. मामा म्हणाले, "एवढी एक खेप जाऊ द्या. मग नाय मागनार."

"मी आहे ना सोबत!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

अंग हलकं राहावं म्हणून मी नाश्ता टाळला. नवे बूट घातले. अर्ध्या चढावरच डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी दगडावर बसकण मारली.

"मामा, तुम्ही व्हा पुढे."

"आन् तुम्हाला हितं टाकू? पोरगी घरात घेईल का मला?" मामांनी पुडीचं वाळकं पान सोडलं. "खा."

"अहो, ती त्यांची!"

"भुकेलेल्याला दिली म्हनून ते रागवायचे नाहीत."

मी एक खाल्लं. मग दुसरं. मधासारखी चिकट गोडी. हात काही थांबेना. शेवटी मामांनीच पुडी हळूच ओढून घेतली. "एक राहू द्या, जावईबापू."

वर कारवीच्या झुडपांत विमानाच्या पत्र्याचा एक वाकडा तुकडा तेवढा उरला होता. मामांनी चपला काढल्या, उरलेल्या सुकेळ्याचे दोन तुकडे केले आणि पानावर शेजारी शेजारी ठेवले.

"यंदा अर्धं अर्धं घ्या, बाबांनो. सोबत जावई आनला होता."

उतरताना त्यांनी माझं कोपर सोडलं नाही. दारातच बायकोने विचारलं, "बाबांना त्रास नाही ना झाला?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "छे! जावयांनी लय सांभाळलं."