कॅमेऱ्याच्या बाजूचा माणूस

आमच्या ह्यांनी अर्धं आयुष्य फोटो स्टुडिओत नोकरी केली आणि तिथे एकही फोटो काढला नाही. हसू नका, खरंच सांगतेय. फोटो मालक काढायचे. ह्यांचं काम म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि समोरच्याला माणसात आणायचं. कारण फोटोला बसलं की भल्याभल्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी होतात.

एखादा साहेब ताठ बसला की हे त्याची कॉलर नीट करत म्हणायचे, "साहेब, हसलात तरी पैसे तेवढेच. जास्त घेत नाही आम्ही." नवरा-बायको रुसून दोन टोकांना बसली की म्हणायचे, "वहिनी, एवढा फोटो निघेपर्यंत मिटवा. घरी जाऊन पुन्हा सुरू करा, मी काही बघायला येत नाही." रडणारं पोर असलं तर स्वतःची चप्पल डोक्यावर ठेवून "चिमणी उडाली, चिमणी!" करत नाचायचे. ते हसलं की मालक बटण दाबायचे.

पोरं ह्यांना चिमणीकाका म्हणायची. भर रस्त्यात कोणी "चिमणीकाकाऽऽ" अशी हाक मारली की मला इतकं बरं वाटायचं, आणि ह्यांचा चेहरा पडायचा. "हे काय नाव झालं? माकड समजतात लोक मला," म्हणायचे. ह्यांच्या डोक्यात एकच होतं, स्वतःचा स्टुडिओ. दारावर स्वतःच्या नावाची पाटी आणि कॅमेऱ्याच्या मागे स्वतः. मालक कसे कपाळाला आठी घालून उभे असतात, बोटाने नुसती खूण करतात, लोक कसे मुकाट ऐकतात, हे ह्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं. फोटोग्राफर म्हणजे तेच, असं मनात पक्कं बसलं होतं. कॅमेरा शिकले, हातही वाईट नव्हता. नाही कशाला म्हणू?

नोकरी सोडतो म्हणाले तेव्हा मालकांनी स्पष्ट सांगितलं, "अरे, बटण कोणीही दाबेल. लोक तुझ्यासाठी येतात." हे घरी येऊन धुमसत बसले. "मी जाऊ नये म्हणून म्हातारा गोड बोलतोय."

मी काही ओठात एक, पोटात एक ठेवणारी बाई नाही. म्हटलं, "अहो, खरं बोलतायत ते. दुकान काढा ना, खुशाल काढा. पण तिथेही असेच बोला लोकांशी."

"दुकान माझं असेल. तिथे कोणाला हसवायची गरज नाही मला."

"गरज तुम्हाला नाही हो, त्यांना आहे!"

"तुलाही विदूषकच नवरा हवाय," म्हणाले. मी हात टेकले.

शिंप्याच्या आणि औषधांच्या दुकानांच्या मधोमध एक खोली मिळाली. करडा पडदा, दोन दिवे, गोल फिरणारं स्टूल. हे रोज इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जायचे. आणि बोलायचे काय? "मान डावीकडे. हनुवटी खाली. हलू नका." झालं, संपलं! माणसं दात उपटायला आल्यासारखी बसायची. फोटो मात्र स्वच्छ. शर्टाच्या बटणाची भोकं मोजून घ्यावीत इतका स्वच्छ, आणि चेहऱ्यात जीव नाही. एक बाई मुलीचा फोटो परत करताना म्हणाली, "छान आलाय हो, पण ही आमची वाटत नाही." बिचारी भांडलीसुद्धा नाही. पुन्हा आलीही नाही.

गिऱ्हाईक कमी झालं तसा आधी दिव्यांचा दोष निघाला, मग पडद्याचा, मग मोबाईलचा. "मोबाईलने धंदा खाल्ला" हे ह्यांनी गावभर सांगितलं. भाजीला जाताना मला तर मालकांच्या स्टुडिओबाहेरच्या बाकावर माणसं बसलेली दिसायची. त्यांच्याकडे काय मोबाईल नव्हते? पण बोलून उपयोग नव्हता.

दुकान बुडालं असतं तरी मी रडले नसते. मला खात होतं ते वेगळंच. हे घरातही गप्प झाले. पूर्वी नुसतं मीठ मागितलं तरी चार शब्दांची गंमत करून देणारा माणूस, आता जेवताना भिंतीकडे बघायचा. मालक झाला होता ना! स्वतःजवळ काय आहे हे न बघता माणूस काय व्हायचं ते ठरवतो, आणि मग जे होतं तेही घालवून बसतो. राग येतो मला अजून. ह्यांचाच येतो, दुसऱ्या कोणाचा?

अशात सासूबाईंनी हट्ट धरला. "माझ्या लेकाच्या दुकानात माझा फोटो काढायचाय." मी घेऊन गेले. म्हातारीने केस चापूनचोपून बसवले होते, रस्ताभर भेटेल त्याला सांगत होती. ह्यांनी तिला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यामागे गेले आणि म्हणाले, "जरा सरळ बसा."

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. "कोणाला सांगतोस रे? इथे माझ्याशिवाय आहे कोण?"

मी फिसकन हसले. हे हसले नाहीत. "आई, हलू नकोस," एवढंच, आणि तेही अशा आवाजात की म्हातारीने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दिवा चमकला. फोटो हातात आला तेव्हा "बरा आहे" म्हणाली आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही.

त्याच वर्षी ती गेली. सकाळी चहा द्यायला गेले तर झोपेतच गेलेली. ना दुखणं, ना खुपणं. तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला. भेटायला येणारं माणूस फोटोकडे बघायचं आणि हळूच विचारायचं, "शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?" अहो, कसला त्रास! जन्मभर खिदळणारी बाई ती. पण फोटोत डोळे असे भेदरलेले, की विचारणाऱ्याचा तरी काय दोष?

तिसऱ्या की चौथ्या माणसाने असं विचारलं तेव्हा हे उठले, फोटो काढून उलटा ठेवला आणि न जेवता बाहेर पडले. संध्याकाळी आले ते हातात पाकीट घेऊन. मालकांकडे गेले होते. मालक जुनं काही टाकत नाहीत. त्यात सासूबाई होत्या, कितीतरी वर्षांपूर्वीच्या. पडलेला दात दिसतोय, डोळे बारीक झालेत, तोंडभर हसतायत. तोच फोटो त्या चौकटीत बसवला.

मग स्टुडिओ बंद केला. मालकांनी स्वतःहून बोलावलं, "ये, उभा राहा पुन्हा." हे गेलेही. पहिलंच गिऱ्हाईक एक लहान मुलगा. हे कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहिले, तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. पोरगं घाबरून रडायला लागलं. मालकांनी ह्यांना चहा पाजून घरी पाठवलं. आता हे एका गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवतात. तिथे कोणी काही बोलत नाही.

परवा बाजारातून आले तर हे सासूबाईंच्या फोटोपुढे उभे. एक पाऊल डावीकडे सरकत होते, एक उजवीकडे. खाली वाकून बघत होते.

"काय चाललंय हे?"

"आई माझ्याकडे बघत नाही गं. कुठूनही बघितलं तरी जरा बाजूलाच बघतेय."

मी पिशवी खाली ठेवली. नीट पाहिलं. खरंच, तिची नजर समोर नव्हतीच.

"अहो, कॅमेऱ्यात मालक बघत होते," म्हटलं. "ती तुमच्याकडे बघतेय. तुम्ही बाजूला होतात ना त्या दिवशी."

हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मग मी तिथून निघालो कशाला?"