अस्तर आणायला

माझी थोरली जाऊ सुरेखा मागच्या महिन्यात गेली. झोपेतच, हार्टनं. मी तिला आक्का म्हणायची. पोरगी म्हणली तिच्याबद्दल लिही, म्हणून मोबाइलवर लिहायलेय. शाळा माझी चौथीपर्यंत.

आक्का लासूर स्टेशनला घरातच ब्लाऊज शिवायची. माप घ्यायच्या आधी बाईला विचारायची, पाळी कधी आली? पाळी जवळ असली की परत पाठवायची. "आता छाती भरलेली असती, दुखती बी. आज माप घेतलं तर पंधरा दिवसांनी ब्लाऊज ढिला व्हईल अन भांडायला माझ्याकडंच येशील." शेजारची लीलाबाई म्हणायची, "तू टेलर हायस का डॉक्टरीण?" आक्का म्हणायची, "डॉक्टरीण असते तर तुला बाहेर नंबर लावून बसवलं असतं."

दोन वर्षं झाली. मी तिला ब्लाऊज दिला, डावीकडून उसव म्हणलं.

"डावीकडूनच का?"

"टोचतंय."

पाळीला चार दिवस होते. आक्कानं टेप लावून बघितला, म्हणली, होऊन जाऊ दे, मंग ये.

गेले. उजवीकडचं भरलेपण उतरलं होतं, डावीकडं माप आधीएवढंच. आक्कानं टेप खाली ठेवला. मला ठावं होतंच. बोराएवढी गाठ, बोटाखाली सरकायची. महिनाभर लपवली होती. गाठ म्हणजे कॅन्सरच, असंच वाटायचं. पोरगी तवा सहावीत होती.

"आक्का, काय असंल हे?"

"मला मापाचं कळतं, गाठीचं नाय. उद्या संभाजीनगरला जाऊ."

"सासूबाईला काय सांगायचं?"

"अस्तर आणायला चाललो म्हणायचं."

सासूबाई म्हणली, "अस्तराला दोघी कशाला? ट्रकभर आणायलात का?" आक्का म्हणली, "रंग जुळवायला दीपमालाची नजर लागती."

दवाखान्यात डॉक्टरबाईनं हातानं तपासलं, सोनोग्राफी केली, सुईनं गाठीतलं थोडं काढून घेतलं. रिपोर्टाला आठ दिवस. ते आठ दिवस आक्कानं मला हुक लावायला बसवलं. मी उलटे लावायची, ती गुपचूप काढून परत लावायची.

रिपोर्ट आला. साधी गाठ, कॅन्सर नाय. डॉक्टरबाई म्हणली, काढायची गरज नाही, सांगेन त्या तारखेला दाखवत रहा. पाळीच्या आधी दुखणं, गाठीगाठी लागणं लई बायांना असतं. पण पाळी झाल्यावरही गाठ राहिली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर थांबू नका. आक्कानं विचारलं, "अन घरीच हळद लावून बघितलं तर?"

"त्यानं गाठ कसली आहे ते कळत नाही."

तवापासून आक्का गिऱ्हाइकाला तारखेबरोबर हे बी विचारायची, पाळी झाल्यावर गाठ राहती का? दोघीजणींना तिनं दवाखान्यात नेलं. त्या कोण, मला बी सांगितलं नाय.

परवा माझी गाठ दाखवायची तारीख होती. दर वेळी आक्का सोबत यायची. मी पिशवी घेतली. सासूबाईनं विचारलं, "कुठं चाललीस?"

"अस्तर आणायला."

तोंडात बसलंय ते. आता घरात शिवणारी कोण हाय? सासूबाईनं झाकलेल्या मशिनीकडं बघितलं. मंग म्हणली, "थांब, चप्पल घालते."

बसमधी दोघींचं तिकीट तिनंच काढलं. दवाखान्यात बाहेर बाकड्यावर पिशवी धरून बसली. गाठ तेवढीच निघाली. येताना अस्तर घेतलं नाय.