पी.पी. नंबर

लहानपणी मला वाटायचं, पी.पी. म्हणजे पापड-पाणी.

पत्रिकेवर, माझ्या शाळेत, वडिलांच्या अंबरनाथच्या कारखान्यात, जिथे म्हणून आमचा फोन नंबर दिलेला असे तिथे पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं असायची. फोन आमचा नव्हताच. उल्हासनगरला बराकींच्या ज्या गल्लीत आम्ही राहायचो, तिथे फोन एकच, भिंतीपलीकडच्या सिंधी आंटींकडे. त्यांच्या यजमानांचा कापडाचा धंदा होता, म्हणून तो आलेला. शेजाऱ्यांच्या फोनवर आम्हाला बोलावून घ्या, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. पण आम्ही फोन घ्यायला गेलो की आंटी आधी बसवायच्या आणि भाजलेला पापड नि पाण्याचा ग्लास पुढे करायच्या. सिंध्यांच्या घरी आल्यागेल्याला तेवढं द्यायचंच असतं, हे मला काय माहीत! वर्गात बाईंनी विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे 'पापड-पाणी' सांगून मोकळी झाले. बाई पोट धरून हसल्या. खरा अर्थ मात्र त्यांनाही सांगता आला नाही.

फोन बहुतेक आईलाच यायचा, मामाचा. तो राजापूरला स्टँडवरच्या बूथवरून करायचा. "ताईला बोलवा, मी थोड्या वेळानं पुन्हा लावतो," असं सांगून ठेवून द्यायचा. मग आंटी भिंतीवर थाप मारून ओरडायच्या, "अदी! फोन!" अदी म्हणजे सिंधीत बहीण. आई हातातलं टाकून निघायची, पदराला पीठ तसंच. सुरुवातीला आई त्यांना 'बहनजी' म्हणायची, पण पुढे तीही त्यांना अदीच म्हणायला लागली. दोघी एकमेकींच्या अदी. तिसऱ्या माणसाला कोण कुणाला हाक मारतंय ते कळायचं नाही.

मामाचा दुसरा फोन कधी लगेच यायचा, कधी लाइनच लागायची नाही. तोवर दोघी फोनशेजारी पलंगावर बसून असायच्या. बोलणं संपायचं नाही. आईचं हिंदी ऐकून आम्हाला घाम फुटायचा, पण आंटींना ते बरोब्बर कळायचं. आंटींनी आईला पालक-डाळीची साई भाजी शिकवली, आईनं त्यांना आंबोळ्या. आंटींच्या सासूनं त्यांना किती छळलं ते आईला ठाऊक होतं, आणि माझ्या पाठचं बाळ गेलं तेव्हा आई कुणाच्या मांडीवर डोकं ठेवून रडली तेही मला ठाऊक आहे. मामाचं बोलणं कसलं, पाऊसपाणी नि ख्यालीखुशाली, चुटकीसरशी संपायचं. आई घरी यायची ती मात्र पार संध्याकाळ करून. वडील चिडवायचे, "भाऊ बोलला की बहीण बोलली?"

आता कुणी म्हणेल, हिला जुन्याचं भलतं कौतुक. नाही हो. मला मोबाइल लागतो. माझा भाऊ परदेशात आहे, त्याची मुलं आईला रोज पडद्यावर दिसतात, नवा दात आला तरी दाखवतात. आईच्या गोळ्या घरपोच येतात, वीजबिलासाठी कुणाला उन्हात उभं राहावं लागत नाही. यातलं काही परत द्यायची माझी तयारी नाही. पण भिंतीवरच्या थापेची मला फार आठवण येते. दुसऱ्याच्या घरी गेल्याशिवाय स्वतःचं काम व्हायचंच नाही, हे किती बरं होतं! आज बदलापुरात आमच्या मजल्यावर समोरच्या दारात कोण राहतं, ते मला त्यांच्या पार्सलवरच्या नावानं कळलं.

बदलापूरला आलो त्याला बरीच वर्षं झाली. आधी आंटींकडे जाणं व्हायचं, सणावाराला तरी. मग वडील गेले, आईचे गुडघे गेले, आणि घरोघरी मोबाइल आले. आंटींच्या घरून एक नंबर मिळाला, आईचा तिकडे गेला. आईनं तो 'अदी' म्हणून माझ्याकडून टाकून घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यावरून सकाळी सकाळी फूल यायला लागलं. कधी गुलाब, कधी कमळ, खाली चमचमत्या अक्षरांत 'गुड मॉर्निंग'. आईला कोण आनंद! "अदी उठली," असं म्हणून ती चहा घ्यायची. आपणही फूल पाठवायचं म्हणून ती बोट दाबायला जायची आणि भलत्यालाच फोन लागायचा. शेवटी ते काम माझ्याकडे आलं. चहाला आधण ठेवायचं नि आईच्या फोनवरून अदीला एक फूल ढकलायचं.

"जायला पाहिजे गं एकदा," आई अधूनमधून म्हणायची.

"जाऊ की," मी म्हणायचे. घाई कसली होती? दोघींची रोजची खुशाली एकमेकींना कळत होतीच.

गेल्या हिवाळ्यात फुलं यायची थांबली.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, झोपली असेल. मग म्हणाली, गावाला गेली असेल. मी फोन लावला तर तो बंद. आईनं जेवण कमी केलं, सारखा तो फोन उघडून जुनंच फूल बघत बसायची. एका सकाळी साडी नेसून, चपला घालून दाराशी येऊन बसली. "अदीला काही झालं असणार. मला आत्ताच्या आत्ता घेऊन चल." गुडघ्यांचं नाव काढायची सोय नव्हती. मी मुकाट्यानं गाडी बोलावली. अंबरनाथ मागे पडेपर्यंत आई माझ्या मनगटाला धरून होती. मलाही वाटत होतं, उशीर झालाय.

गल्ली ओळखू येत नव्हती. बराकी पाडून चारमजली घरं झालेली. विचारत विचारत दार गाठलं. दार सुनेनं उघडलं, आणि तिच्या खांद्यावरून आत पाहिलं तर आंटी! खिडकीशी खुर्चीत, पांढऱ्या केसांच्या, चिमणीएवढ्या झालेल्या, पण जित्याजागत्या. आईच्या तोंडून हुंदकाच फुटला. गुडघे विसरून ती आत धावली. मग दोघी एकमेकींचे चेहरे चाचपत बसल्या. मी उगाच स्वयंपाकघरात गेले.

सून भली होती. कढईत काहीतरी परतता परतता म्हणाली, "दीदी, मेरा मोबाइल गिर गया था ना, रिपेअर में पडा था. इसलिए मैसेज नहीं आया होगा."

"तुमचा मोबाइल?"

"हां, वो नंबर मेरा ही है. मैं तो रोज सबको भेजती हूँ, पूरी लिस्ट को. पर आपकी मम्मी का रिप्लाय सबसे पहले आता है. कितना अच्छा लगता है!"

ती तिच्या ओट्याशी, मी माझ्या ओट्याशी. इतकी वर्षं आम्ही दोघीच एकमेकींना फुलं पाठवत होतो. रस्त्यात समोर आली असती तर मी हिला ओळखलंसुद्धा नसतं. आईला हे कसं सांगावं ते मला सुचेना. सांगायलाच नको, असंही वाटलं.

मी बाहेर आले तेव्हा आंटींनी आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. बऱ्याच दिवसांपासून मनात घोळत असलेलं काहीतरी विचारायला आता कुठे धीर आला होता त्यांना.

"अदी, सच बोल. मेरे से नाराज थी क्या? इतने साल मैं सोचती रही, मेरे से क्या गलती हुई."

"नाराज?" आई चकित झाली. आपल्या त्याच जुन्या हिंदीत घाईघाईनं म्हणाली, "अगं, काय बोलती है! तू तो रोज आती थी ना सबेरे, मोबाइलमें. मैं भी तो तेरेको रोज फूल भेजती थी."

आंटी हळूच म्हणाल्या, "मेरे पास तो फोन ही नहीं है, अदी."