आखाजीची घागर आणि फाटकाजवळचा वाफा

दोन हजार तेवीस साल. शाळेच्या दाखल्यावर मी पंचाहत्तर वर्षांचा. माझी आई धरायची त्या हिशोबानं सत्त्याहत्तर. कोणतंही वय धरा, फावडं माझ्या हातात तेव्हाही शोभायचं आणि आजही शोभतं.

गाव आमचं धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. पण त्या वर्षी आम्ही नवरा-बायको जळगावला मुलाकडे येऊन राहिलो होतो. शेत पुतणे बघतात. मुलगा म्हणाला, "नाना, आता आराम करा." मी आठ-दहा दिवस आराम केला. आराम म्हणजे खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघणं. ते काम माझ्यानं होईना.

कॉलनीच्या मागे एक मोकळी जागा होती. पूर्वी ते कपाशीचं वावर असणार, माती काळीभोर होती, पण वरून बांधकामाचा मुरूम, विटांचे तुकडे पडलेले. कॉलनीच्या अध्यक्षांना तिथे फरशी टाकून गाड्या लावायच्या होत्या. त्यांनी नवीन मोटार घेतली होती, ती रस्त्यावर उभी राहायची आणि पोरांचा क्रिकेटचा चेंडू रोज तिला भेटायचा. पण बायकांनी सभेत हट्ट धरला, आम्हाला भाजीपाला लावायचाय. मग अध्यक्षांनी तोडगा काढला. जागेचे वाफे पाडायचे, ज्याला हवा त्यानं घ्यायचा. बोअरचं पाणी दर वाफ्याला रोज दोन बादल्या, नळी लावायची नाही. जूनच्या पहिल्या रविवारी समिती बघायला येईल. जो वाफा हिरवा तो त्याचा राहील, जो वाळला तो परत घेऊन तिथे फरशी.

जळगावचा उन्हाळा, मुरमाड जागा आणि दोन बादल्या. अध्यक्ष मनात हसत होते, ते मला दिसत होतं.

चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत सगळ्यात वाईट वाफा निघाला. फाटकाच्या तोंडाशी, चार खाटा टाकाव्यात एवढा. सगळा विटांचा चुरा तिथेच ओतलेला. येणारा-जाणारा त्याच्यावरून चालायचा.

अध्यक्ष म्हणाले, "नाना, बदलून देऊ का? मागच्या बाजूला एक बरा आहे."

"नशिबानं दिला तो माझा," मी म्हणालो. "जूनमध्ये बघा."

"काय बघू? विटा उगवतात की काय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण तो वाफा त्या क्षणापासून माझ्या मानेवर बसला. पांझरेच्या फडात जन्म गेलेला माणूस मी. फड म्हणजे आमच्याकडची पाण्याची रीत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाचं पाणी पाळीपाळीनं सगळ्यांच्या वावराला. कोणाचं दार केव्हा उघडायचं ते पाटकरी बघतो. माझा बाप गावचा पाटकरी होता. स्वतःचं वावर वीतभर, पण सगळ्या गावाचं पीक त्याच्या फावड्यानं भिजायचं. त्याच्या मुलाचा वाफा वाळला, असं जळगावात कोणी म्हणावं? मी शाळेत दुसरीच्या पुढे गेलो नाही, पण वाळलेल्या वाफ्यापुढे मान खाली घालायला मला कोणीच शिकवलेलं नाही.

होळी झाली तसा मी कामाला लागलो. विटांचा चुरा वेचला, माती खाली-वर केली, शेणखत मिसळलं. गिलकं, म्हणजे तुमचं घोसाळं, भेंडी, गवार, काकडी, सगळ्याचं बी टोबलं. बी गावचं, पुतण्याकडून मागवलेलं.

राहिलं पाणी. पाटाच्या माणसाला बादलीनं पाणी घालणं म्हणजे चमच्यानं जेवण्यासारखं. पोट भरत नाही आणि लाजही वाटते. तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. तरुणपणी बैल घ्यायला मी शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला गेलो होतो. तिथे एका पाड्यावर एका बाईनं दुधीच्या वेलाजवळ मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं होतं. मडक्यात पाणी. भर उन्हात वेल असा तरारलेला, की मी चालता चालता थांबलो. पण त्या बाईला काही विचारलं नाही. फडाचा माणूस डोंगरातल्या बाईला पाण्याचं काय विचारणार, अशी माझी ऐट. बघितलं तेवढं पुरे म्हणून पुढे गेलो.

आता मडकी हवी होती. ती कॉलनीत गच्चीगच्चीवर होती. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वाडवडिलांच्या नावानं नवी घागर भरतात. पुजून झाली की तीच घागर वर्षभर घरात प्यायच्या पाण्याची. पुढच्या आखाजीला नवी येते. जुनी फेकवत नाही, वाडवडिलांची असते ना. मग ती गच्चीवर जाते, पाखरांना पाणी ठेवायला नाहीतर नुसतीच. मी दारोदार फिरून त्या जुन्या घागरी मागितल्या. बाया हसून देत होत्या. "नाना, भंगारचा धंदा लावला का?" कोणी म्हणाली. वाफ्यात खड्डे केले, घागरी गळ्यापर्यंत पुरल्या, पाण्यानं भरल्या, वर झाकण्या ठेवल्या.

उगवेपर्यंत वरून पाणी शिंपडलं. रोपं उगवली तसं सगळं घागरींवर सोपवलं. मी रोज घागरीत बोट घालून बघायचो. पाणी गळ्याशी. दुसऱ्या दिवशी गळ्याशी. आठवड्यानंतरही जवळजवळ गळ्याशीच. मी अध्यक्षांना बोलावून दाखवलं. "बघा, पाणी हलतसुद्धा नाही! तुमच्या दोन बादल्यांतली एक तर मी परत करीन!"

मी कॉलनीभर हे सांगत फिरलो. तोवर एप्रिल तापला. काकडी सुकली. गवार करपली. भेंडीनं मान टाकली. गिलक्याचा वेल हातभर होऊन थांबला, पानं सकाळीच लोंबायला लागली. मला वाटलं ऊन मारतंय. जुन्या चादरी बांधून सावली केली. मग वाटलं माती वाईट आहे. बायको म्हणाली, "मी येऊन बघू का?" मी म्हणालो, "तू काय बघणार? तुला काय कळतं त्यातलं?"

ती न विचारता आली. आखाजीला दोन दिवस राहिले होते. कमरेवर हात ठेवून वाफा बघितला, वाकून एका घागरीत बोट घातलं, आणि सरळ उभी राहून मला म्हणाली, "पानी ते बठ्ठं घागरमाच शे. मंग येलले काय भेटनं?"

पाणी सगळं घागरीतच आहे, मग वेलाला काय मिळालं?

"जुनी घागर पाणी थंड का करत नाही?" ती म्हणाली. "पाझरत नाही म्हणून. वर्षभरात तिची भोकं बुजतात. म्हणून तर आपण दरसाल नवी आणतो. जन्मभर माठातलं पाणी पिता, एवढं नाही कळलं?"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"मला काय कळतं त्यातलं?" असं म्हणून ती घरी गेली.

मी तसाच कुंभाराकडे गेलो. कुंभारीण म्हणाली, "बाबा, आखाजीच्या तोंडावर कुठल्या घागरी? होत्या त्या सगळ्या बोलून ठेवलेल्या. पुढची भट्टी आठ-दहा दिवसांनी." वेल आठ-दहा दिवस थांबणार नव्हता. शहरभर फिरलो. सगळीकडे तेच. आमच्या घरात मात्र एक नवी घागर होती. सूनबाईनं आधीच आणून ठेवलेली. तांबडी, बोटानं टिचकी मारली की खणखण वाजणारी.

मी बायकोला म्हणालो, "ही देऊन टाक."

"ही मामंजींची घागर," ती म्हणाली. "मातीत पुरायला आणली नाही."

"सण झाल्यावर देशील ना?"

"सण झाल्यावर आम्ही पाणी काय तुमच्या हट्टातून प्यायचं?"

आखाजीच्या दिवशी घागर भरली. वर छोटं मडकं, त्यावर आंबा. सूनबाईनं पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस केला. निखाऱ्यावर पुरणाचा आणि तुपाचा घास टाकून मी बापाचं नाव घेतलं. धूर वर गेला. दुपारी सगळे आडवे झाले, आणि मी उन्हात जाऊन वाफ्यातल्या जुन्या घागरी उकरायला लागलो. गिलक्याजवळचा खड्डा तेवढा मोकळा ठेवला. त्यात काय घालणार, ते मलाच ठाऊक नव्हतं. माझा हट्ट तेवढा शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी वाफ्यावर बसलो होतो. फाटक वाजलं. बायको येत होती, कमरेवर ती घागर. पाण्यानं भरलेली, चालताना पाणी डुचमळत होतं. गावी विहिरीवरून यायची तशीच चाल. तिनं घागर खड्ड्यात उतरवली, हातानं माती दाबली, आणि म्हणाली, "मना सासरानी जनमभर दुसराना वावरले पानी दिन्हं. त्यासले घरमा बशीसन काय करानं शे?"

माझ्या सासऱ्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या वावराला पाणी दिलं, घरात बसून ते काय करतील? मी फावड्यानं उगाच माती सारखी करत बसलो.

"आता फक्त गिलक्याकडे बघा," ती म्हणाली. "एक वेल जगला तर त्याच्या सावलीत बाकीचं जगेल. सगळ्यांना थोडं थोडं द्याल तर सगळंच जाईल."

फडात अशी गोष्ट कधी कोणी केली नाही. फडात सगळ्यांना पाळी मिळते. पण मी ऐकलं.

त्याच दिवशी संध्याकाळी झाकणी उचलली तर पाणी चार बोटं खाली गेलेलं. जन्मात पहिल्यांदा पाणी कमी झालं म्हणून मी ओरडलो. पलीकडच्या वाफ्यातला माणूस धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

तिसऱ्या दिवशी पानं उभी राहिली. आठवड्यात वेलानं तणावे टाकले. मी बांबू रोवले, वर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या बांधून बुटका मांडव केला. वेल मांडवावर चढला तो थांबेना. सकाळी इथे असायचा, दुसऱ्या सकाळी तिथे. मे महिन्यात जळगावचा डांबरी रस्ता चपलेला चिकटत होता आणि माझ्या मांडवाखाली गार ओल होती. उरलेलं पाणी मी भेंडीला घालायचो. भेंडीनंही त्या सावलीत मान वर केली. पिवळी फुलं लागली, मग गिलकी. मनगटाएवढी, कोवळी, हिरवी. कॉलनीतल्या सगळ्या घरी एकेकदा गेली. अध्यक्षांच्या घरी दोनदा.

इकडे घरात नवी घागर नव्हती, जुनी पाणी गार करत नव्हती. सगळे फ्रीजची बाटली प्यायचे. बायकोचे दात त्या पाण्यानं ठणकायचे. कोमट पाणी पिऊन ती उन्हाळा काढत होती. मी एकदा म्हणालो, "कुंभाराची भट्टी निघाली असेल, आणू का?" ती म्हणाली, "आधी वाफा राखा." म्हणून मी आणली नाही. मला वाटलं, जिंकल्यावर आणीन.

जूनचा पहिला रविवार. अध्यक्ष आणि समितीचे दोघे-तिघे आले. हातात मोजपट्टी. मागचे वाफे बघितले. बरेच लोक सुटीत गावी गेले होते, वाफे वाळून भेगाळलेले. दोन-तीन ठिकाणी काही रोपं हिरवी होती, बाकी पिवळं. अध्यक्षांचा चेहरा खुलत चालला. मग ते परत फाटकाशी आले.

मांडव फाटकापर्यंत आलेला. गिलकी लोंबत होती. आत यायला त्यांना वाकावं लागलं.

"नाना, हा वाफा तुमचाच," ते म्हणाले. "नियम तो नियम. मागे फरशी घालू, तुमचं इथे राहू द्या."

"घाला की," मी म्हणालो. "पण तुमची गाडी आत कुठून येणार?"

त्यांनी फाटकाकडे बघितलं. मग मांडवाकडे. मग मोजपट्टी उघडून मांडव आणि भिंत यांच्यातली जागा मोजली. मोजपट्टी पुन्हा मिटली. समितीतला एक जण हसायला लागला, आणि एकदा हसायला लागला तो थांबेना.

"नाना, हा वाफा आपण मागे सरकवू," अध्यक्ष म्हणाले. "मी माणसं लावतो."

"मुळाला हात लावाल तर वेल मरेल. मग हिरवा राहिलेला वाफा तुम्ही वाळवला असं होईल. नियम तो नियम."

"तुम्हाला तेव्हाच म्हणालो होतो, बदलून देतो," ते म्हणाले. मग त्यांनाही हसू आलं. वाकून त्यांनी एक गिलकं धरलं. "हे नेऊ?"

"ते नका, ते बियाला राखलंय. त्याच्या शेजारचं न्या."

फरशी बारगळली. वाफे तसेच राहिले, माझा आणि सगळ्यांचे. त्या संध्याकाळी मागचे वाफेवाले एकेक करून येऊन विचारायला लागले, घागर केवढी, खड्डा किती, पुरायची कशी. मी सगळ्यांना आमच्या घरी बायकोकडे पाठवलं. कॉलनी तिला अक्का म्हणते. म्हणालो, "अक्कांना विचारा, मला काय कळतं त्यातलं?" आमच्या घराच्या पायरीवर रात्रीच्या जेवणापर्यंत बाया बसल्या होत्या आणि मध्ये बायको, हातवारे करून सांगत होती. मी फाटकापासून बघत होतो. ती माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता मी कुंभाराकडे गेलो. त्याच्याकडच्या सगळ्या घागरी टिचकी मारून बघितल्या, त्यातली सगळ्यात खणखणीत निवडली, खांद्यावर घेतली आणि अध्यक्षांच्या मोटारीला वळसा घालून कॉलनीतून सरळ चालत घरी आलो. बायको म्हणाली, "पाऊस दारात आलाय, आता कोणी माठ आणतं का?" मी घागर धुतली, भरली, तिवईवर ठेवली. पाणी गार होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. मग पहिला तांब्या बुडवला आणि आधी तिला दिला.