मध्यभागी मुक्काम

मुंबईला जायचं ठरलं तेव्हा राहायचं कुठं, यावर आमच्या बदनापुरात जेवढी चर्चा झाली तेवढी पुढं माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा झाली नाही. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, मी मॅट्रिक देऊन रिकामी होते, आणि आईनं पहिल्यांदाच नवऱ्याकडं काहीतरी मागितलं होतं. तिला समुद्र बघायचा होता. लुगडं नको, पाटल्या नको, समुद्र! दुष्काळात टँकरमागं हंडे घेऊन पळून पळून तिच्या पायाचे तुकडे पडले होते. तेव्हाच तिच्या डोक्यात बसलं, की जिथं पाणी संपतच नाही तिथं एकदा तरी जाऊन निवांत उभं राहायचं.

जागा दोन होत्या. आईचा मावसभाऊ वसईला समुद्राकाठी राहायचा. आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एका मित्राची गिरगावातल्या चाळीतली खोली महिनाभर रिकामी होती. अण्णा शाळेत भूगोल शिकवायचे. "राहायचं तर मध्यभागी," त्यांनी निकाल दिला. "वसईहून रोज ये-जा करता करता जान जाईल. समुद्र काय, बघून येऊ एखाद्या दिवशी."

"गिरगावाजवळ न्हाई का समुद्र?" आईनं विचारलं.

"नकाशात समुद्र कडेला असतो, मधोमध नसतो. जालन्याच्या चौकात ज्वारी पिकती का?"

भूगोलाच्या मास्तरापुढं कोण बोलणार! अन् गावालाही मध्यभागच पाहिजे होता, पण त्याचं कारण वेगळं. आमच्याकडं कुणी मुंबईला निघालं, की ज्याचा-ज्याचा पोरगा तिकडं, तो पिशवी घेऊन दारात हजर. शेवया, कुरडया, ज्वारीचं पीठ, लाल चटणी, राजूरच्या गणपतीचा प्रसाद. नाही म्हणायची सोय नाही, म्हटलं तर सात पिढ्यांचं वैर. "पोराला पत्र टाकलंय, तो येऊन नेईल. तुम्ही फक्त मध्यभागी राहा, म्हंजे त्याला बराबर सापडंल." म्हणजे आमचा मुक्काम आमच्या सोयीनं नव्हे, कुरडयांच्या सोयीनं ठरला. मनमाडला गाडी बदलताना हमालानं आईला विचारलंच, "बाई, दुकान टाकायला चालला का?"

गिरगावात पोचलो अन् दुसऱ्या सकाळपासून रांग लागली. पिशवी न्यायला आलेला माणूस पिशवी घेऊन जातो थोडाच! तो चहा पितो. पाऊस कसा झाला, कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा बांध कुणी कोरला, सगळं विचारतो. एक उठला की दुसरा. जाफराबादचा एकजण तर दोन दोस्त घेऊन आल्ता. त्यांची पिशवी नव्हती, नुसतेच भेटायला. आई स्टोव्हला पंप मारून राह्यली अन् अण्णा मांडी घालून पंचायत भरवून राह्यले. एकदम खूश. "बघ, मध्यभागी राहायचा फायदा. सगळे इथंच येतात!" मुंबईत राहून मी बदनापूर, जाफराबाद आणि राजूर एवढंच पाहिलं.

आई रोज विचारायची, "आज जायचं का?"

अण्णा म्हणायचे, "उद्या. भोकरदनच्या पिशव्या राह्यल्यात अजून."

असं करता करता परतीचा दिवस उजाडला. गाडी दुपारची. वळकटी बांधून झाली, शेवटच्या पिशवीचा मालक चहा पीत होता. त्यानं सहज विचारलं, "काकू, चौपाटीला रोज जात असाल फिरायला?"

"कुठली चौपाटी?"

"ही काय! गल्ली संपली, रस्ता ओलांडला, की समुद्र."

अण्णा आपली नखं बघायला लागले. स्टोव्हवर दुसरा चहा उकळत होता. आईनं सांडशी अण्णांच्या हातात दिली. "तुमचा मध्यभाग, तुमचे पाहुणे. पाजा आता चहा!" पदर खोचला, चपला घातल्या अन् निघाली. मी मागं पळाले.

गल्ली खरोखरच संपली, अन् समोर तो होता. लाट पायाशी आली तशी आई दचकून मागं सरली, मग आपणहून पुढं गेली. ती रडत होती. मला अण्णांचा असा राग आला, की आजही तो पुरता उतरलेला नाही. इतके दिवस ही बाई समुद्राच्या उशाला निजत होती अन् उठून कुरडया वाटत होती.

घटकाभरानं अण्णा आले. खांद्यावर वळकटी, हातात ट्रंक, घामानं निथळत. "बघितला ना? चल जल्दी. गाडी जाईल."

"न्हाई. बघून राह्यले अजून."

"अगं, पण गाडी..."

आईनं मान वळवली नाही. "तुम्ही तरी कधी पाह्यल्ता का हो?"

अण्णांनी वर्षानुवर्षं पोरांना समुद्र शिकवला होता, फळ्यावर, निळ्या खडूनं. ट्रंक वाळूत ठेवली, चपला काढल्या, धोतर वर धरलं आणि पाण्यात जाऊन आईच्या शेजारी उभे राहिले. गाडी आमच्याशिवाय गेली.